पहिलं परीक्षण लिहिण्याआधी

निकाल ठरवून थिएटरात शिरू नकोस. 'हा सिनेमा स्त्रीविरोधी आहे' एवढं लिहून भागत नाही, तो नुसता शेरा झाला. कुठल्या प्रसंगात, कुठल्या शॉटमध्ये, ते दाखव.

कॅमेरा कोणाकडे बघतो, यावर लक्ष ठेव. मोलकरीण पाण्याचा ट्रे घेऊन येते, फ्रेममध्ये तिचे फक्त हात दिसतात, मालकांचं बोलणं सुरूच. तिला नाव आहे का? तिच्या तोंडी 'हो साहेब'पलीकडे काही आहे का? पुढे तिच्यावर अत्याचार झाला, तर नंतरचा क्लोजअप तिचा, की सूड घ्यायला निघालेल्या नायकाचा? अशा एका प्रसंगावर दोन परिच्छेद खुशाल खर्च कर; कथानक चार ओळींत उरक.

बेकडेल कसोटी तुला कोणीतरी सांगेलच. ॲलिसन बेकडेल यांच्या १९८५ च्या कॉमिक स्ट्रिपमधून ती आली: दोन स्त्रिया हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, तेही पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर. कामाची आहे, पण तिच्यावरच विसंबू नकोस. एकट्या बाईची उत्तम गोष्ट तिथे नापास होते आणि दोघींची दागिन्यांवरची वटवट पास!

आणि हो, एखाद्या पात्राने जातीवरून टोमणा मारला म्हणून सिनेमा जातीयवादी ठरत नाही. त्या टोमण्यावर सिनेमा आपल्याला हसवतो की अस्वस्थ करतो, ते बघ. गाणी, संकलन आवडलं तर तेही मोकळेपणाने लिही. फक्त विचार पटले म्हणून रटाळ सिनेमाला पाठीशी घालू नकोस.