ड्रॅग बाइकच्या (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या बाइकच्या) इंजिन ब्लॉकला स्लीव्ह, म्हणजे सिलेंडरच्या आत बसणारी वेगळी नळी, का घालतात? नुसतं बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) वाढवून भागत नाही का?

थोड्या वाढीपुरतं भागतं, टर्बो (दाबाने जास्त हवा भरणारं यंत्र) किंवा नायट्रससाठी (ताकद वाढवणारा नायट्रस ऑक्साइड वायू) नाही. सुझुकी हायाबुसाचंच घ्या. मूळ बोअर ८१ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६५, म्हणजे चार सिलेंडर मिळून १३४० सीसी. बोअर ८४ केला की १४४१ सीसी होतात, पण ॲल्युमिनियमची भिंत तेवढीच पातळ होते आणि वरचं निकेल-सिलिकॉन कार्बाइडचं कोटिंगही जातं. जोरदार बूस्टखाली (टर्बोच्या वाढीव दाबाखाली) अशी भिंत फुगते, सिलेंडरची गोलाई बिघडते, पिस्टनच्या रिंगा प्रेशर धरत नाहीत आणि हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील) उडतं.

म्हणून जुनी भिंत सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) काढून डक्टाइल आयर्नची (चिवट ओतीव लोखंडाची) जाड स्लीव्ह बसवतात. खरी कसोटी फिटिंगची. ॲल्युमिनियम गरम झाल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. त्यामुळे भोक स्लीव्हपेक्षा किंचित लहान ठेवतात, ब्लॉक भट्टीत तापवतात आणि मग स्लीव्ह आत सोडतात. वरच्या कडेला कॉलर हवीच, नाहीतर स्लीव्ह खाली सरकते. नंतर डेक (ब्लॉकचा वरचा सपाट पृष्ठभाग) एका पातळीत फेस करायचा, म्हणजे मशीनवर सपाट कापायचा.

होनिंग (सिलेंडरची आतली बाजू घासून अचूक गोल करणं) मात्र टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी बसवायची जाड प्लेट, आवळूनच करून घ्या, यात तडजोड नको. हेड बोल्ट आवळल्यावर बोअर वाकडा होतो. प्लेटशिवाय गोल दिसणारा सिलेंडर प्रत्यक्षात गोल राहत नाही.

ताकद अगदीच जास्त असेल, तर माझ्या मते मूळ ब्लॉकचा नाद सोडून बिलेट (धातूच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेला) ब्लॉकच घ्यावा.