दीप, द्वीप आणि दुआब

प्रश्न आला आहे तो असा: रेवदंड्याजवळच्या कोर्लईला दीपस्तंभ आहे, त्या जागेला द्वीपकल्प म्हणावं की भूशिर? प्रश्न चांगला आहे, पण विचारणाऱ्यांनी 'द्वीपस्तंभ' लिहिलंय. ते आधी खोडा. दीप म्हणजे दिवा, द्वीप म्हणजे बेट. इकडे पुण्यात सहलींच्या जाहिरातींत नेमकं उलटं, 'लक्षदीप' छापतात. अहो, लाख दिवे नव्हेत, लाख बेटं! तिथल्या मिनिकॉय बेटावर १८८५ सालचा दीपस्तंभ उभा आहे. द्वीपावर दीप, एवढं ध्यानात ठेवा.

आता द्वीप. द्वि अधिक अप्, आणि अप् म्हणजे पाणी. 'द्व्यन्तरुपसर्गेभ्योऽप ईत्' असं पाणिनीचं सूत्रच आहे. द्वि, अंतर् किंवा उपसर्ग यांच्यापुढे अप् आला की त्यातल्या 'अ'चा 'ई' होतो. म्हणून द्वीप, अंतरीप, प्रवाहाच्या उलट ते प्रतीप, आणि आपलं रोजचं समीपसुद्धा! 'समीप' म्हणताना त्यात पाणी आहे हे कुणाच्या मनातही येत नाही.

याहून गोड गोष्ट पुढेच आहे. संस्कृत अप् आणि फारसी आब ही सख्खी भावंडं. पंजाब म्हणजे पाच पाणी, दुआब म्हणजे दोन, अर्थात दोन नद्यांमधली जमीन. म्हणजे द्वि-अप् आणि दो-आब ही एकच जोडी, दोन घरांत वाढलेली. संगम पुलावर जाऊन बघा. एका अंगाला मुळा, एका अंगाला मुठा, आणि मध्ये शिवाजीनगर. हा पुण्याचा दुआब.

म्हणून माझं ठाम मत आहे की द्वीप हा शब्द समुद्राचा नव्हे, नदीचा. नदी दुभंगते, मध्ये जमीन उरते, तिच्या दोन अंगांना दोन पाणी. व्यासांचा जन्म यमुनेतल्या अशाच बेटावरचा, म्हणून ते द्वैपायन. 'दोन्ही बाजूंनी म्हणजे चहूबाजूंनी' असं टीकाकार सांगतात, ती मला ओढाताण वाटते. चहूबाजूंनी म्हणायचं असतं तर 'द्वि' कशाला घातला असता?

भूशिराला हिंदीप्रमाणे 'अंतरीप' म्हणावं असं सुचवणारे आपल्याकडेही आहेत. त्यांनी अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडावा: 'द्वीपोऽस्त्रियामन्तरीपं यदन्तर्वारिणस्तटम्'. अंतरीप म्हणजे सरळसरळ बेट. हिंदीनं कन्याकुमारीला 'कुमारी अंतरीप' केलं, ते त्यांच्याकडे राहो. आपला भूशिर, जमिनीचं डोकं, स्वच्छ शब्द आहे.

राहिला 'कल्प'. इथे अर्थ कल्पनेचा नाही. 'किंचित कमी, जवळजवळ' या अर्थाचा हा प्रत्यय. मृतकल्प म्हणजे मेल्यातच जमा. तसं द्वीपकल्प म्हणजे बेट व्हायला थोडक्यात राहिलेली जमीन. लॅटिनमध्येही 'पेने' म्हणजे जवळजवळ आणि 'इन्सुला' म्हणजे बेट, असाच शब्द जुळवलाय.

कोर्लईला गाव मागे टाकून दीपस्तंभाकडे निघालात की डाव्या हाताला उघडा समुद्र, उजवीकडे किल्ल्याचा डोंगर, आणि डोंगरापलीकडे कुंडलिकेची खाडी. इथेही पाणी दोनच! गावाकडून जमिनीची मान जोडलेली आहे म्हणून 'कल्प'. तेव्हा अख्खा डोंगर द्वीपकल्प, आणि किल्ल्याखालचं, पाण्यात घुसलेलं शेवटचं टोक तेवढं भूशिर.