शहरातून नुकतेच कोकणात राहायला आलो आहोत. वादळात वाडी आडवी झाली. साफसफाई कुठून सुरू करावी? चेनसॉ विकत घ्यावा का?

चेनसॉ घेऊ नका. हे आधी सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचला आणि मला आमच्या आंब्याची आठवण झाली.

आम्ही 2019 च्या दिवाळीनंतर डोंबिवलीहून श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरजवळ सासऱ्यांच्या घरी कायमचे राहायला आलो. 12 गुंठ्यांची वाडी, 140 पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, 11 माड आणि सासूबाईंनी लावलेली तीन हापूस कलमं. सात महिने होतात न होतात तोच 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते किनाऱ्यावर चढलं. आम्ही चौघं माजघरात बसून होतो. कौलं उडत नव्हती, वरून ओढून काढल्यासारखी जात होती. संध्याकाळी बाहेर आलो तर ज्या वाडीतून कधी शेजारच्यांचं घर दिसायचं नाही, तिथून थेट समुद्राकडचं आभाळ दिसत होतं. 96 पोफळी मोडल्या होत्या. चार माड गेले. आणि विहिरीकडचं कलम मुळांचा गड्डा वर करून आडवं झालं होतं.

पहिले दोन दिवस आम्ही योग्य तेच केलं, असं मी आजही म्हणते. पाऊस तोंडावर होता, म्हणून जी कौलं शाबूत होती ती गोळा करून स्वयंपाकघरावर चढवली आणि बाकीच्या घरावर ताडपत्री टाकली. विहिरीतल्या झावळ्या आणि पाचोळा गळाने काढला, पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली, प्यायला उकळलेलंच पाणी. दारापासून विहिरीपर्यंत एक वाट मोकळी केली. बाकी कशालाही हात लावला नाही. शेजारचे आबा गडग्यापलीकडून म्हणाले होते, "सूनबाई, पंचनामा होईस्तोवर वाडी अशीच राहू दे. आणि ते कलम जिवंत आहे हो, त्याला घाई करू नका."

चौथ्या दिवशी पनवेलहून मोठे दीर आले. सोबत चेनसॉ. दादा मनाने चांगले आहेत. धाकट्या भावाचं घर उघडं पडलंय म्हणून सगळं सोडून धावत आले, हे मी विसरलेले नाही. पण अंगणात पाऊल टाकताच त्यांनी ठरवून टाकलं की चार दिवस झाले तरी पसारा तसाच आहे, म्हणजे शहरातल्या माणसांना गावचं जमत नाही. मी आबांचं म्हणणं सांगितलं. "उन्मळलेलं झाड कधी उभं राहतं का?" म्हणाले, आणि मशीन चालू केलं.

त्या कलमाची अर्धी मुळं अजून जमिनीत होती. चार दिवस झाले होते तरी पानं कोमेजलेली नव्हती. एका फांदीला उशिराचे दोन आंबे होते, देठाला घट्ट. मी ते हाताने उचलून पाहिले होते. माझा मुलगा मुळांखालच्या खड्ड्यात उतरून माती उकरत होता. मी त्याला पाणी प्यायला हाक मारली, तो वर आला, आणि मिनिटभरात दादांनी बुंधा मुळांलगत तोडला. खोडाचं वजन गेल्याबरोबर मुळांचा तो गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसला. मुलगा जिथे उभा होता तिथेच. मी ओरडलेसुद्धा नाही, नुसती त्याचा हात धरून उभी राहिले.

म्हणून म्हणते, घेऊ नका. उन्मळलेल्या झाडाच्या खोडात आणि मुळांत ताण असतो, तो कुठे सुटेल हे वर्षानुवर्षं झाडं तोडणाऱ्यालाच कळतं. गावात मशीनसकट माणूस मिळतो, त्याला रोजंदारी द्या. त्याला दोन आठवडे वेळ नसला तर दोन आठवडे थांबा. घरासाठी एक चांगली कोयती आणि हातकरवत पुरते.

पंचनाम्याचंही तेच झालं. तलाठी आणि कृषी सहायक नवव्या दिवशी आले तेव्हा आमची वाडी झाडून लख्ख होती आणि पोफळी तुकडे होऊन गडग्याला रचलेल्या होत्या. मोजून दाखवायला बुंधेसुद्धा धड राहिले नव्हते. कागदावर 60 च लागल्या. मदत आधी हेक्टरी 50 हजारांच्या हिशोबाने जाहीर झाली होती, म्हणजे 12 गुंठ्यांना जेमतेम सहा हजार. पुढे झाडांची संख्या धरायची ठरली तेव्हा त्या मोजायच्या राहिलेल्या 36 पोफळी फार आठवल्या. आमच्याकडच्या रोठा जातीच्या सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तुम्ही पडलेल्या प्रत्येक झाडाचे फोटो काढा, बुंध्यांवर खडूने आकडे टाका, मगच तोडायला द्या.

आबांनी त्यांचं कलम कसं वाचवलं तेही सांगते. पाऊस लागून माती मऊ झाल्यावर फांद्या निम्म्याच्या वर छाटल्या, पिचलेली मुळं स्वच्छ कापली, सहा माणसांनी दोर लावून झाड सावकाश उभं केलं, तीन बाजूंनी टेकू दिले, मुळांवर माती चढवली आणि छाटलेल्या जागी बोर्डोपेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा टेकू अजून काढलेले नव्हते, म्हणून ते तरलं. आता त्याला आंबे लागतात. आमच्याकडेही दरवर्षी एक पेटी येते.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. झाड तारेवर पडलं असेल तर वीज गेलेली असली तरी जवळ जाऊ नका, वायरमनची वाट बघा. आमच्याकडे दिवे 34 व्या दिवशी आले, पण तार मेलेलीच आहे असं कुणी धरून चाललं नाही. कौलांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा, साप असतात. आणि माडाची खोडं वाडीत कुजू देऊ नका, पंचनामा झाला की फोडून वाळवा आणि चुलीला लावा. कुजक्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग उभे राहिलेले माडही पोखरतो. जे कलम मुळापासून पूर्ण सुटलंय किंवा ज्याचं खोड जोडाशी (खालच्या रायवळ म्हणजे गावठी रोपावर वरची हापूसची काडी बांधलेली असते तिथे) चिरलंय ते वाचत नाही, त्याच्यावर माणसं आणि पैसे घालवू नका. आमचं तसं नव्हतं.

दादा अजून दर मे महिन्यात येतात. त्या बुंध्याला दोन वर्षांनी फुटवे आले, ते मला दाखवून म्हणतात, "बघ, तू उगाच रडत होतीस, फुटलाच की." ते फुटवे जोडाच्या खालून आलेत. तिथून रायवळ येतो, सासूबाईंचा हापूस नाही.