इतके दिवस कुठे होतात?

मिरजेहून एक गृहस्थ आले होते, पन्नाशीचे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दारू सुटून बरेच महिने झाले होते, पण चर्चची पायरी चढवत नव्हती. "ताई, कुठल्या तोंडानं जाऊ? माझ्यासारख्याला घेतील का?"

हा प्रश्न सांगलीत माझ्यापुढे वरचेवर येतो. त्यात दोन प्रश्न गुंतलेले असतात. देव घेईल का, आणि लोक घेतील का? पहिल्याचं उत्तर खरं तर पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी द्यायचं. पण या दादांनी शास्त्रच पुढं केलं. अयोग्य रीतीनं प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) घेणारा दोषी ठरतो, हे बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं अकराव्या अध्यायातलं वचन त्यांना लहानपणापासून पाठ. म्हटलं, जरा वरच्या ओळी वाचा. पत्र लिहिणारा पौल तिथं चिडलाय तो आधीच खाऊनपिऊन तृप्त होणाऱ्यांवर, कारण ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहतात. आणि पुढं तो म्हणतो, स्वतःला पारखा आणि मग खा. पारखून घरी बसा, असं कुठंच म्हणत नाही.

दुसरा प्रश्न अवघड. साताऱ्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' नावाचा भक्तसमूह काढला, तो बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही खुला होता. इतकी मोकळीक सगळीकडे नसते. बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत घर सोडून गेलेला धाकटा परततो तेव्हा बाप धावत जाऊन मिठी मारतो, पण थोरला भाऊ रुसून बाहेरच थांबतो. तो शेवटी आत आला की नाही, गोष्ट सांगतच नाही. असे थोरले भाऊ प्रत्येक मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात असतात. नाहीत म्हणून मी कुणाला धीर देत नाही.

"लायकी नाही, पण नेमकं कुणासमोर?" मी विचारलं. दादा बराच वेळ रुमालाची घडी घालत, मोडत बसले. मग निघालं, मंडळीतल्या एका वडिलांचे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या एका ज्येष्ठांचे अठरा हजार. बायकोच्या ऑपरेशनचं सांगून घेतलेले, आणि प्यायलेले. ते वडील दर रविवारी पुढून तिसऱ्या बाकावर बसतात. सगळी धास्ती त्या बाकाची होती!

मग काम सोपं नाही, पण हाताशी आलं. रविवारची वाट न बघता दादा आधी पाळकांना घरी जाऊन भेटले. त्या वडिलांना खोटं बोलल्याचं कबूल केलं, दरमहा हजार द्यायचं ठरलं. फाटकापाशी कुणीतरी "इतके दिवस कुठे होतात?" विचारणारच. त्याची आम्ही तालीम केली. लांबण लावायची नाही. "सलाम. आलो आता." बस.

गेले. मागं बसले. दोघंतिघं आपणहून बोलले, काहींनी मान फिरवली. वडील महिनाभर गप्पच होते. मग एका रविवारी फाटकापाशी म्हणाले, "सलाम. या महिन्याचे राहिलेत." दादा मला हे सांगताना पोट धरून हसत होते.