रुंद टायर, कापलेला फेंडर आणि नाकारलेला विमा दावा

प्रश्न : मी इंदूरला रामबागेत राहतो. एप्रिलमध्ये कारच्या विम्याचे नूतनीकरण केले. जूनमध्ये १८५/६५ आर १५ मापाचे टायर काढून २१५/५५ आर १६ बसवले आणि ते घासू नयेत म्हणून गॅरेजवाल्याने मागच्या फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) आतली कड कापून पत्रा बाहेर ओढला. ऑगस्टमध्ये गाडीत पाच जण असताना बायपासवर राऊजवळ मागचा टायर फुटला, गाडी एका स्कूटरला घासून दुभाजकावर आदळली आणि स्कूटरस्वाराचा हात मोडला. विमा कंपनीने माझ्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा ‘अनधिकृत बदल’ म्हणून नाकारला आहे. मी काय करावे?

उत्तर : आपल्या प्रकरणात दोन दावे आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. स्कूटरस्वाराचा दावा त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे आपण आणि विमा कंपनी सोडून तिसऱ्या व्यक्तीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये विमा कंपनीला घेता येणारे बचाव मोजकेच दिले आहेत आणि गाडीत केलेला बदल हा त्यात स्वतंत्र बचाव नाही. महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेतली, हा बचाव मात्र त्यात आहे. म्हणूनच तारखांना महत्त्व आहे : आपण नूतनीकरण एप्रिलमध्ये केले आणि बदल जूनमध्ये, त्यामुळे पॉलिसी घेताना काही लपवले असे म्हणता येणार नाही. गॅरेजचे जूनचे बिल हा त्याचा पुरावा आहे. ते जपून ठेवा आणि त्यावरची तारीख किंवा कामाचा तपशील कोणाच्याही सांगण्यावरून बदलून घेऊ नका.

आपल्या स्वतःच्या गाडीच्या दाव्याची बाजू कमकुवत आहे, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाने करू नये, असे कलम ५२ सांगते. सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचले आहे. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) टायरचे माप नाही म्हणून हरकत नाही, हा गॅरेजमधला युक्तिवाद मला भक्कम वाटत नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरील स्टिकर आणि मॅन्युअल पाहा. २१५ चे माप तेथे पर्यायी म्हणून दिलेले असेल, तर टायरपुरती आपली बाजू सावरेल, पण पत्रा कापल्याचा प्रश्न तरीही उरतोच. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) नुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

आपण पाठवलेल्या फोटोंत फुटलेल्या टायरच्या खांद्यावर चकचकीत गोलाकार रेघ दिसते. गाडी भरली की मागची बाजू खाली बसते आणि तीस मिलिमीटरने अधिक रुंद व सुमारे एकवीस मिलिमीटर अधिक व्यासाचा टायर कापलेल्या पत्र्याच्या धारेला लागतो. कंपनी हीच रेघ दाखवून अपघात बदलामुळेच झाला असे म्हणेल आणि वाहन सुस्थितीत ठेवण्याच्या पॉलिसीच्या अटीवर बोट ठेवेल. टायर खिळ्याने फुटला असेल, तर मात्र बदल आणि अपघात यांचा संबंध तुटतो, म्हणून टायरचे तुकडे फेकू नका. गाडी दुरुस्तीला देण्यापूर्वी फेंडर, कापलेली धार, रिम आणि टायर यांचे जवळून फोटो घ्या आणि नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत लेखी मागा.

नितीन खंडेलवाल (२००८) आणि अमलेंदू साहू (२०१०) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने अटींचा भंग झाला तरी दावा पूर्ण न नाकारता पंचाहत्तर टक्के रक्कम द्यायला लावली. ती प्रकरणे खासगी गाडी भाड्याने वापरल्याची होती, अपघाताच्या कारणाशीच जोडलेल्या बदलाची नव्हती. तरीही तडजोडीसाठी हा आधार मांडता येईल. रक्कम मोजताना एवढे लक्षात ठेवा, की खासगी कारच्या सर्वसाधारण पॉलिसीत गाडीबरोबर खराब झालेल्या टायरची निम्मीच किंमत मिळते.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर एक वर्षाच्या आत भोपाळ येथील विमा लोकपालांकडे जाता येते आणि तेथे वकील लागत नाही. दुसरा मार्ग इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा असून त्याची मुदत कारण उद्भवल्यापासून दोन वर्षे आहे. स्कूटरस्वाराच्या वकिलाची नोटीस आली, तर स्वतः उत्तर न देता ती त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा; तो दावा त्याने अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो.

फोटो आणि तुकडे सुरक्षित झाले की मूळ मापाचे टायर आणि मूळ फेंडर बसवून घ्या. त्याचे बिल येत्या एप्रिलच्या नूतनीकरणाआधी कंपनीला पाठवा आणि पोच घ्या.