गोठलेले शिंपले जिवंत असतात का, आणि ते खावेत का?

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात हॅलिफॅक्सला शिकते. जानेवारीत ओहोटीच्या वेळी तिला किनाऱ्यावरच्या खडकांना चिकटलेले काळे-निळे शिंपले दिसले. त्यांतले काही दगडासारखे गोठलेले होते. माझे बालपण मालवणजवळच्या खाडीत तिसऱ्या काढण्यात गेले, ते ऐकतच ती वाढली. ‘एवढ्या थंडीत रोगजंतू कसले टिकतात, आणून शिजवू का?’ असे तिने फोनवर विचारले. हे शिंपले जिवंत असतात का, आणि ते खाणे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या मुलीने पाहिलेले शिंपले बहुधा निळे मसल असावेत, आपल्याकडच्या शिनाण्यांच्याच कुळातले. गोठलेले दिसले तरी ते बरेचदा जिवंत असतात. समुद्राचे पाणी साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते, आणि मसलच्या शरीरातील द्रव समुद्राइतकाच खारट असल्यामुळे पाण्याखाली असेपर्यंत त्याला गोठण्याचे भय नसते. खरी कसोटी लागते ती ओहोटीला, हवा उणे १० अंशांपर्यंत उतरलेली असताना. तेव्हा शरीरात बर्फ धरतो, पण तो पेशींच्या आत नव्हे, पेशींबाहेरच्या द्रवात. उरलेला द्रव त्यामुळे अधिक खारट होऊन पेशींतले पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आक्रसतात, पण फुटत नाहीत, आणि त्यांत साठवलेली टॉरिन, ग्लायसिन यांसारखी अमिनो आम्ले त्यांना प्रमाणाबाहेर आक्रसू देत नाहीत. शरीरातल्या निम्म्याहून अधिक पाण्याचा असा बर्फ झाला तरी मसल जगू शकतो, आणि भरतीचे पाणी अंगावर आले की वितळून पुन्हा पाणी गाळू लागतो. मला स्वतःला निसर्गातली ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

हे पाणी गाळणेच खाणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण पाण्यात जे असेल ते शिंपल्याच्या मांसात साठते, आणि थंडी ते नाहीसे करत नाही. उबदार पाण्यात वाढणारे व्हिब्रिओ जीवाणू हिवाळ्यात कमी होतात हे खरे. पण सांडपाण्यातून येणारा नोरोव्हायरस थंड पाण्यातच अधिक काळ टिकतो. सूक्ष्म शैवालांची विषे तर शिजवूनही जात नाहीत आणि गोठवूनही जात नाहीत. हॅलिफॅक्सपासून फार लांब नसलेल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर १९८७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे ऐन थंडीच्या तोंडावर, हे दिसून आले. तिथल्या मसलमध्ये एका सूक्ष्म शैवालातून डोमोइक आम्ल साठले होते. ते खाऊन शंभरहून अधिक माणसे आजारी पडली, तिघे दगावले, आणि काहींची नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली. त्या मसलचा रंग, वास किंवा चव पाहून कोणालाही संशय आला नसता. तेव्हापासून तिथे या विषाची तपासणी होते, आणि किलोभर मांसात २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक डोमोइक आम्ल आढळल्यास ते शिंपले विकू देत नाहीत.

म्हणून आपल्या मुलीने खडकावरचे शिंपले स्वतः काढून खाऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. खाडीत आपण शिंपला टकटक करून तो मिटतो का ते पाहतो. गोठलेल्या शिंपल्यावर ही परीक्षा चालत नाही, आणि चालली तरी तो जिवंत आहे एवढेच कळते, निर्विष आहे हे नव्हे. शिंपले काढायचेच असतील, तर ती जागा त्या दिवशी खुली आहे की बंद, हे कॅनडाच्या मत्स्य व महासागर विभागाकडून आधी पाहून घ्यावे. त्यापेक्षा सोपे म्हणजे कुठून आणि केव्हा काढले याची चिठ्ठी लावलेले मसल दुकानातून घ्यावेत. प्रिन्स एडवर्ड बेटावर खाडी गोठली की बर्फाला भोक पाडून पाणबुड्या खाली उतरतो आणि दोरावर वाढवलेले मसल वर काढतो. त्यामुळे भर हिवाळ्यातही ते ताजे मिळतात.