पुरात घर गेलेल्या चुलत्यांनी हाय खाल्ली आहे, झोपेची गोळी द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरात चुलत्यांचं माढा तालुक्यातलं घर आणि दोन म्हशी गेल्या. तीन आठवडे झाले, ते काकूंसह सोलापुरात तुमच्याकडे आहेत. पहाटे तीनला उठून बसतात, पत्र्यावर पाऊस वाजला की दचकतात, जेवण अर्धं टाकतात. हे वेड लागण्याचं लक्षण आहे का, आणि मेडिकलमधून झोपेची गोळी आणावी का, असं तुम्ही विचारताय.

वेड नव्हे. पहिला महिनाभर झोप मोडणं, दचकणं, उगाच चिडणं बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं हळूहळू ओसरतं. आघातानंतरच्या ताणाच्या आजाराचं निदान महिना उलटल्याशिवाय करतच नाहीत.

गोळी आणू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही झोपेसाठी घेतली जाणारी औषधं अशा ताणावर पहिल्या महिन्यात देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्यांची सवय लागते, म्हातारा माणूस रात्री लघवीला उठला तर पडतो, आणि वर दारू असेल तर श्वास मंदावतो. उलट आधीपासून चालू असलेली फिटची, मानसिक आजाराची, बीपीची गोळी पुरात वाहून गेली का, हे आजच विचारा. ती एकदम बंद पडली की आजार उलटतो. नाव आठवत नसेल तर गावाकडच्या डॉक्टरांना फोन करून चिठ्ठी मागवा.

शाळेत निवाऱ्याला असलेल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, फिट येते, नसलेलं दिसायला लागतं. लोक त्याला ‘बाहेरचं’ म्हणतात. तो दवाखान्यातच न्यायचा रुग्ण आहे.

आता घरातलं. ‘मोकळे व्हा, सगळं सांगा’ म्हणून खोदू नका. जबरदस्तीने पूर पुन्हा आठवायला लावून फायदा होत नाही. ते बोलले तर ऐका. ‘जीव वाचला हे काय कमी आहे?’ हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका, त्यानंतर माणूस बोलायचाच बंद होतो.

माझ्या मते खरी दुखरी जागा वेगळी आहे. उभा जन्म पहाटे उठून धार काढलेला माणूस तुमच्या हॉलमध्ये पाहुणा होऊन बसलाय, आणि प्रेमापोटी सगळे म्हणतात, ‘तुम्ही बसा हो.’ बसवू नका. दूध आणणं, मंडईतून भाजी आणणं त्यांच्याकडे द्या, पैसेही त्यांच्याच हातात द्या. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको, चार वाजल्यानंतर चहा नको.

दुसरी टोचणी म्हणजे अधांतरी असणं. पंचनाम्यात नाव आलं का, मदत कुठल्या खात्यावर येणार, हे डोक्यात रात्रभर फिरत राहतं. वहीत उतरवा: आधार, पासबुक, सातबारा, म्हशींचा पंचनामा. दिवसाला एकच काम घ्या. तलाठ्याकडे तुम्ही सोबत जा, पण बोलू द्या त्यांना.

दोन आठवडे दिवसभर मन उदास, कशातच रस नाही, ‘माझ्यामुळेच म्हशी गेल्या’ असं घोकणं चालू असेल, तर महिन्याची वाट बघू नका. सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभागात दाखवा. उदासीनतेच्या गोळीला गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणं, ही नेहमीची चूक.

‘जीव नकोसा होतो का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून आणि शेतातल्या खोलीतूनही हलवा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. कोणी औषध प्यायलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. १०८ बोलवा आणि बाटली सोबत न्या.

आणि तुमच्या प्रश्नात काकूंबद्दल एक ओळही नाही. बायकांचं हेच दुखणं डोकेदुखी, अंगदुखी, छातीत धडधड अशा नावांनी निघतं आणि त्या दिवसभर तुमच्या स्वयंपाकघरात राबत असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. झोप लागते का, हे त्यांनाही विचारा, चुलते समोर नसताना.